सध्या एक जण पाहत आहे
दिव्यांच्या दुकानाच्या वेबसाइटवर 'सध्या इतके जण पाहताहेत' असा आकडा दाखवला तर विक्री वाढते का, याची चाचणी मी घेत होते. निम्म्या गिऱ्हाइकांना आकडा दिसायचा, निम्म्यांना नाही. एका टेबललॅम्पच्या पानावर मात्र कुणीतरी दिवसभर ठाण मांडून असायचं, घ्यायचं काहीच नाही. त्यामुळे चाचणीच बिघडत होती. शोधलं, तर आईचा कॉम्प्युटर निघाला. फोन लावला. "आई, ते पान बंद कर." "का? तूच पाठवलंस ना, माझं काम बघ म्हणून. तिथे कायम एक जण दिसतो. तू असतेस ना ती? तेवढीच सोबत." तो एक जण म्हणजे आईच होती. सांगायला जीभ रेटेना. मीही ते पान उघडलं. "अगंबाई, दोन झाले," आईचा आवाज खुलला. "कोण आलंय तुझ्याकडे?" माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मी म्हणाले, "तूच की."