खालून काढलेले फोटो

भिंतीवर एक्केचाळीस फोटो होते. पाच युद्धापूर्वीचे, चार युद्धातले, नऊ पुढाऱ्यांचे, बावीस साध्या माणसांचे आणि एक कुत्र्याचा. माहेनूरने ते दोनदा मोजले. शामसुंदर दीक्षित तिच्या मागे उभे होते आणि तिला इतक्यात वळायचं नव्हतं.

“फोटो उत्तमच आहेत,” दीक्षित म्हणाले. “पण सगळे खालून काढलेले. मंत्री आला की मुस्तकीम त्याच्या पायाशी. वीस वर्षं मी हे फोटो पानात लावले. निर्भीड छायाचित्रणाच्या पुरस्काराला याचं नाव कसं द्यायचं? नजर लाचार आहे, माहेनूर.”

माहेनूरचे आजोबा मुस्तकीम काझी चाळीस वर्षं नाशिकच्या एका दैनिकाचे छायाचित्रकार होते; दीक्षित तिथलेच वृत्तसंपादक. मार्चमध्ये ते गेले. एकाहत्तरच्या युद्धात ते तोफखान्याच्या एका तुकडीबरोबर तेरा दिवस सीमेवर होते. तेराही दिवस जवानांचा एक कुत्रा त्यांच्याच खंदकात झोपला. त्याचं नाव हवालदार. एकदा त्याने कॅमेऱ्याचा पट्टा दातांत धरून त्यांना खाली ओढलं आणि गोळ्याच्या कपच्या डोक्यावरून गेल्या. युद्ध संपल्यावर जवानांनी हवालदारला त्यांच्याबरोबर नाशिकला पाठवलं.

पुरस्काराच्या ठरावावर तीन सह्या हव्या होत्या. दोन झाल्या होत्या. तिसरी दीक्षितांची.

“मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या, काका.”

“घे. फोटो काही बदलणार नाहीत.”

माहेनूर भौतिकशास्त्र शिकली होती. सपाट जमिनीवरच्या फोटोत क्षितिजाची रेघ प्रत्येक उभ्या वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवर कापते, मग ती वस्तू जवळ असो की दूर. चित्रात खुर्ची, सायकल, दुधाचं कॅन असं ठरावीक मापाचं काही सापडलं, की कॅमेरा जमिनीपासून किती वर होता ते काढता येतं. नऊपैकी सात पुढारी या पद्धतीत बसले. बावीस साध्या माणसांच्या फोटोंपैकी एकोणीस बसले. तिने झेरॉक्सवर रेघा मारल्या आणि आकडे एका कागदावर उतरवले.

दुसऱ्या दिवशी तो कागद तिने दीक्षितांपुढे ठेवला.

“पुढारी. सरासरी सत्तावन्न सेंटिमीटर.”

“आणि हे खालचे?”

“रामकुंडावर झाडू मारणारी रंगूबाई, सत्तावन्न. ओझरच्या कारखान्यातून सुटलेले कामगार, अठ्ठावन्न. निफाडला द्राक्षं खुडणाऱ्या बायका, छप्पन्न. नाशिक रोडच्या छापखान्यातले रात्रपाळीचे कामगार, सत्तावन्न.”

दीक्षितांनी मुद्रितं तपासावीत तसं प्रत्येक ओळीखाली बोट फिरवलं.

“म्हणजे मंत्र्यासाठी तो खास वाकला नाही.”

“नाही.”

“रंगूबाईसाठी जेवढा वाकला, तेवढाच.”

“तेवढाच.”

दीक्षितांनी चष्मा काढून पुसला. “लाचार हा शब्द मी मागे घेतो. पण मग हे आहे काय? गुडघे अधू होते का त्याचे?”

“सत्तरीपर्यंत सायकल चालवली त्यांनी. आणि मी उकिडवी बसले तरी माझा डोळा चौऱ्याहत्तरवर येतो. ते त्याहून खाली वाकायचे. तीन कॅमेरे बदलले, उंची नाही बदलली. युद्धापूर्वीचे पाच फोटो मात्र दीडशेवरून काढलेत.”

“म्हणजे उभ्याने.”

“हो.”

“कारण कळल्याशिवाय मी सही करणार नाही. फोटोतल्या माणसाचं नाव विचारल्याशिवाय मुस्तकीम फोटो द्यायचा नाही. त्याच्याकडूनच शिकलोय.”

“मग घरी चला. दादीला विचारू.”

नाशिक रोडच्या घरी माहेनूरच्या आजीने, सलिमादादींनी, आधी चहा दिला.

“शामभाऊ, वीस वर्षं तुम्ही यांचे फोटो कापले. आता माणूस कापायला निघालात?”

“भाभी, पानात जागा कमी पडायची.”

“तुमच्याकडे ती कायमच कमी होती.”

दीक्षित हसले. माहेनूरने विचारलं, “दादी, दादा फोटो काढताना इतके का वाकायचे?”

“हवालदारमुळे,” दादी लगेच म्हणाल्या, जणू हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. “लढाईवरून त्याला घेऊन आले. हे ऑफिसला गेले की तो दारातून हलायचा नाही. ना खाना, ना पाणी. बसायचासुद्धा नाही, नुसता उभा. म्हणून यांनी दाराला भोक पाडलं. अगदी त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. उभ्या उभ्या रस्ता दिसला पाहिजे ना त्याला. मग बराबर दिसतंय का बघायला स्वतः वाकून डोळा लावला. लावला तो काढेचनात. मी म्हटलं, अहो, काय झालं? तर म्हणतात, सलिमा, इथून दूधवालासुद्धा कलेक्टर दिसतो.”

दीक्षित उठून दाराशी गेले. दाराच्या खालच्या फळीत एक गोल लाकडी बूच बसवलेलं होतं, वरून दाराचाच हिरवा रंग. माहेनूरने ते लहानपणापासून पाहिलं होतं. कुजलेलं लाकूड काढून ठिगळ लावलंय, एवढंच तिला वाटत आलं होतं.

“हवालदार गेला, तेव्हा यांनीच बंद केलं,” दादी म्हणाल्या.

माहेनूर टेप आणायला आत गेली. बाहेर आली तेव्हा ठराव चहाच्या कपाशेजारी पडला होता आणि त्यावर तिसरी सही होती.

“काका, मी अजून मोजलं नाही.”

“माझं काम ऐकून झालं. तू तुझं कर.”

ती फरशीवर बसली. दीक्षितांनीही एक गुडघा टेकला आणि टेपचं खालचं टोक बोटाने दाबून धरलं. बुचाचा मध्य जमिनीपासून सत्तावन्न सेंटिमीटरवर होता.