मागचे दोन

"बर्फातून बफेलोपर्यंत जायचंय ना? मग घसरू न देणारे विंटर टायर चारही चाकांना लावा," अमेरिकेतल्या त्या टायरवाल्याने पुन्हा सांगितलं. गिरीशरावांना हसूच आलं. चाळीस वर्षं मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून काढलेल्या माणसाला हा गाडी शिकवणार! "अरे, हिचा सगळा जोर पुढच्या चाकांवर. मागची नुसती फरपटत येतात. दोन पुरे," ते मुलाला मराठीत म्हणाले.

सौमित्र चुळबुळला. "बाबा, लाँग ड्राइव्ह आहे. घेऊन टाकू ना चार."

"मी सांगतोय ना?" विषय तिथेच संपला.

सौमित्रचा तेरावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी गिरीशराव सुनेला घेऊन अपघातातली गाडी ओढून नेलेल्या टोइंगवाल्याच्या यार्डात गेले. अनयाचा हात अजून गळ्यात बांधलेला होता. उतारावर ब्रेक लागला तेव्हा पुढच्या चाकांनी रस्ता धरला, मागच्यांनी सोडला आणि गाडी गर्रकन फिरली, असं पोलिसांनी सांगितलं होतं.

"पुढचे दोन टायर नवेकोरे आहेत. काढून देऊ का?" यार्डवाल्याने हळूच विचारलं. गिरीशरावांनी नको म्हणून मान हलवली.

अनया चेपलेल्या गाडीकडे बघत म्हणाली, "बाबा, टायर घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी तो परत गेला होता त्या दुकानात. मागचे दोन बसवायला. दारातूनच माघारी आला. म्हणाला, बाबांना कळलं तर वाईट वाटेल."