टायरला काय बाधलं

तडे केसाएवढे बारीक होते आणि सगळे डाव्याच टायरवर. उजवा टायरही त्याच दिवशी बसवलेला, पण अगदी कोराकरकरीत. मी तपासणीला आले होते, आणि त्या छोट्या विमानाचा मालक शेजारी उकिडवा बसून माझ्या भिंगात डोकावत होता.

“विमानाच्या या शेडमध्ये ऊन येत नाही, तेल सांडलेलं नाही. मग याला बाधलं काय?” मी म्हणाले.

“दृष्ट लागली असेल, मॅडम.”

तेवढ्यात मला तो वास आला, वीज कडाडून गेल्यावर येतो तसा तिखट. मागोवा घेत गेले. डाव्या पंखाखाली माझी नेहमीची खुर्ची होती, आणि तिच्यामागे हवा शुद्ध करणारं एक यंत्र घरघरत होतं.

“यातून ओझोन निघतो. तो रबर खातो. कशाला आणलंत हे?”

“इंधनाच्या वासानं डोकं दुखतं म्हणाला होतात.”

“अहो, मी महिन्यातून एकदा येते.”

“पण कधी येणार ते सांगत नाही. म्हणून बंदच करत नाही.”

मला हसू आवरेना. त्यानं मला लग्नाचं विचारून वर्ष होत आलं होतं, आणि दर तपासणीला मी ‘बघू’ म्हणून विषय टायरवर नेत होते.

“बंद कर ते,” मी म्हणाले.

तो यंत्राकडे निघाला आणि मध्येच थबकला. “करा म्हणालात, की कर?”

“कर. रोज यायला लागले की वासाची सवय होईल मला. लग्न करू या.”