सरदाराची खुर्ची

"काका, तुमी लय ॲक्टिंग करून राह्यले," प्राजक्ता म्हणाली आणि तिने कॅमेरा बंद केला.

देवमन रुमालाने तोंड पुसत बसले. चोरांच्या पंचायतीचं ते जुनं नाटक त्यांनी अमरावतीपासून अकोटपर्यंत गावोगाव गाजवलं होतं. चोर निवडणूक लढवतात, निवडून येतात आणि पोलिसांनाच जामिनावर सोडतात, असा सगळा मामला. चोरांचा सरदार म्हणजे देवमनच. आता ही अमरावतीची पोरगी त्यावर सिनेमा काढत होती, आणि सरदार आपणच होणार हे त्यांनी अकोल्यातल्या अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

"सरदार मुंबईवरून येऊन राह्यला," ती हळूच म्हणाली. "तुमी पब्लिकमधी बसजा."

"बसतो ना. त्यात काय!" देवमन हसले.

घरी आल्यावर मात्र हसू टिकेना. बायको असती तर तिने त्या पोरीला चार शिव्या तरी हासडल्या असत्या. आता घर नुसतं खायला उठत होतं. त्यांना रडू आलं, पण ते पाहायलाही कोणी नव्हतं.

शूटिंगच्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून गर्दीत जाऊन बसले. शेजारची खुर्ची रिकामी होती. "मुंबईवाल्याची हाय," मागून कोणीतरी सांगितलं. नाटकात सरदार साध्या कपड्यांत प्रेक्षकांतच बसलेला असे. शेवटी हवालदार खाली उतरून त्याला हुडकी, तेव्हा तो उभा राही आणि गाव चाट पडे.

मुंबईवाला काही आला नाही. तरी कॅमेरे सुरू झाले. हवालदार झालेला कुलदीप खाली उतरला आणि दंडुका आपटून ओरडला, "सांगा! याच्यातला चोरायचा सरदार कोन?"

कोणी हललं नाही. तो पुन्हा ओरडला. पुन्हा शांतता.

देवमनचा जीव कासावीस झाला. भर सभेत नाटक असं अडून राहिलेलं त्यांना उभ्या जन्मात सोसलं नव्हतं. आपण उठलो तर शॉट बिघडेल, पोरगी चिडेल, सगळं कळत होतं. तरी ते उठले.

"मी," ते म्हणाले. आवाजही धड फुटला नाही.

बऱ्याच वेळाने प्राजक्ता "कट" म्हणाली. देवमननी हात जोडले. "माफ कर माय, राहावलं नाही. तुह्या मुंबईवाल्याचा सीन मीच..."

प्राजक्ता डोळे पुसत होती.

"कोनता मुंबईवाला, काका? मी कोनाले बलावलंच नोतं."