न पेटलेला पदर

खणकन चमचा पडला आणि दुपारची शांतता मोडली. जुईने भात सांडला होता, पण हेमांगीची नजर संगणकाच्या पडद्यावरून हलेना.

यंत्राने तिची वेबसाइट तयार केली होती. स्वतःबद्दल स्वतः लिहायला आता बंदी होती. कॅमेऱ्यांनी टिपलेलं तेवढंच खरं. उद्या हीच साइट बघून नव्या नाटकाचे निर्माते तिला रंगमंच व्यवस्थापक म्हणून घ्यायचं की नाही ते ठरवणार होते. आणि ती तर इतकी वर्षं काळे कपडे घालून विंगेत उभी राहायची, कुणाला दिसू नये म्हणूनच. तिसरी घंटा, दिव्यांचे इशारे, पडदा, सगळं तिच्या हातचं. साइटवर मात्र एकच ओळ होती: ‘प्रयोग चालू असताना रंगमंचावर घुसून व्यत्यय आणला.’

“अरे मेल्या, नायिकेचा पदर समईवर चालला होता. मी ओढला तो.”

“ताई, पेटलेला पदर चित्रणात नाही,” यंत्र अदबीने म्हणालं.

“मी वेळेवर पोचले म्हणून नाही.” तिने टेबलावर मूठ आपटली.

जुईने भाताचं बोट चाटत विचारलं, “आई, मग पुढच्या वेळी तू पदर पेटू देशील?”