सात नंबरची खोली

"पाणी तापलंय. आधी पाठ करा इकडं," बायको म्हणाली.

नवरा सदरा काढून बादलीपाशी उकिडवा बसला. मानेपासून कमरेपर्यंत नुसता कोळसा. ती पाठ चोळू लागली.

"आज खाली कसं होतं?"

"रोजच्यासारखं. छत कुरकुरत होतं."

"आणि तुम्ही?"

"मीपण."

दोरीपलीकडे उभे असलेले पाहुणे हसले.

"पोरगं जेवलं?" नवऱ्यानं विचारलं.

"जेवलं. आत झोपलंय. हळू बोला."

आत कोणी नाही हे ठाऊक असूनही पाहुण्यांनी आवाज खाली आणला. मग टाळ्या वाजल्या आणि मंडळी पुढं, दिव्यांच्या दालनाकडं निघाली.

तिकीटबाई दारातून बघत होती. स्वतःचा नवरा वारल्यावर या नोकरीसाठी ती या गावात एकटीच आली होती. खाण बंद पडून वर्षं लोटली होती. आता तिथं संग्रहालय होतं. खाणकामगारांचे दिवे काचेच्या कपाटात होते, बोगद्यात रोषणाई होती आणि कामगारांच्या खोल्या रंग देऊन जशाच्या तशा मांडल्या होत्या. त्यातल्या सात नंबरच्या खोलीत हा संसार चाले. नवरा होणारा म्हातारा खाणीत खरोखरच मुकादम होता. सगळे त्याला मुकादमच म्हणत आणि बायको होणाऱ्या बाईला वहिनी. कोळशाची भुकटी तो स्वतःच डब्यातून अंगाला फासायचा.

तिकीटबाईला एकच कोडं पडलं होतं. खोलीत एवढी माया, आणि दोरीबाहेर पाऊल पडलं की दोघं एकमेकांना अनोळखी. शेवटचा खेळ संपला की वहिनी फाटकातून निघून जात. मुकादम हातपाय धुऊन बाकावर बसे, वहिनी वळणापलीकडं दिसेनाशा होईपर्यंत रस्त्याकडं बघे आणि मगच उठे.

पाणी कुठं मुरतंय हे ओळखायला तिकीटबाईला वेळ लागला नाही.

एका दुपारी चहा घेताना तिनं वहिनींना विचारलं, "घरी कोण असतं?"

"नवरा."

"तब्येत बरी असते ना त्यांची?"

वहिनींनी कप खाली ठेवला. "आमचा मुलगा खाणीतल्या अपघातात गेला. त्या दिवसापासून घरात एक शब्द नाही."

"एकही नाही?"

"मी ताट वाढते. ते जेवतात. मी ताट उचलते."

तिकीटबाईचा नवरा शेवटच्या दिवसापर्यंत कुरकुरत होता. त्याचाही केवढा आधार होता, हे तिला आता कळलं.

काही दिवसांनी बाकावर मुकादमाशी विषय निघाला.

"बायको आहे ना," तो म्हणाला. "पण मला ओळख देत नाही. समोरून जाते, तर भिंतीकडं बघावं तशी बघते."

"अरेरे. डॉक्टरांना दाखवलं?"

"याला औषध नाही, बाई."

त्या दिवसापासून तिकीटबाईनं मनातल्या मनात दोघांची बाजू घेतली. एकीचा नवरा मुका झालेला, दुसऱ्याची बायको भान हरपलेली. घरी जिवंतपणीच सगळं संपलेलं. मग या खोलीत घटकाभर खोटा संसार केला, तर कोणाचं काय बिघडलं? आणि करतात ते टाळ्यांसाठी नव्हे, हेही तिला कळून चुकलं होतं.

एका धुकट दिवशी खाणीकडं कोणी फिरकलंच नाही. पाहुणे नसले की खेळ रद्द, असा नियम होता. तिकीटबाईनं स्वतःच्या नावानं तिकीट फाडलं आणि दोरीशी जाऊन उभी राहिली. त्या दिवशी मुकादमानं ठरल्यापेक्षा एक वाक्य जास्त विचारलं.

"अंगावर पांघरूण आहे ना त्याच्या?"

पाठीवर वहिनींचा हात थांबला. "आहे," त्या म्हणाल्या. बऱ्याच वेळानं हात पुन्हा फिरू लागला.

खेळ संपल्यावर तिकीटबाईला राहवलं नाही. बाकावर बसलेल्या मुकादमाला ती म्हणाली, "अहो, बाहेरही एखादा शब्द बोलून बघा की त्यांच्याशी!"

"खोलीत बोलायला मिळतं, तेवढ्यावर दिवस निघतो," तो म्हणाला. "बाहेर हिंमत होत नाही."

पुढच्या सुटीच्या दिवशी व्यवस्थापकांनी तिकीटबाईला बोलावून घेतलं. सात नंबरमध्ये पडदा बसवायचा होता. उद्यापासून तिथं चित्रफीत चालणार होती. माणसांचं काम संपलं.

"वहिनींच्या घरी जाऊन तेवढं सांगून या," ते म्हणाले.

"आणि मुकादमांना?"

"त्यांना कळेलच." साहेबांनी पुढचा फोन कानाला लावलासुद्धा. एवढ्या वर्षांच्या माणसाला साधा निरोपही नाही! तिकीटबाईचं डोकं तापलं.

वहिनींचं घर मातीच्या ढिगाऱ्यामागं होतं. मुक्या माणसाशी कसं बोलायचं, याचा विचार करतच तिनं कडी वाजवली.

दार मुकादमानं उघडलं. तोंडाला कोळसा नव्हता, त्यामुळं ती क्षणभर गोंधळली. मग तिला एकदम बरं वाटलं. म्हातारा अखेर उंबरा ओलांडून आत आला होता.

"केलीत ना हिंमत!" ती हळूच म्हणाली. "बरं झालं, बोला मनातलं. कारण खोलीतला खेळ उद्यापासून बंद. कायमचा."

मुकादमानं दाराची चौकट धरली. आतल्या खोलीत वहिनी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं. तो बराच वेळ त्या पाठीकडं बघत राहिला. मग दारातून बाजूला झाला.

"तुम्हीच आत जाऊन सांगा तिला," तो म्हणाला. "पोरगं गेल्यापासून या घरात आम्हा नवरा-बायकोचं बोलणं नाही."