कोपऱ्यातला घोडा

वार्कोनीने चिठ्ठी लिफाफ्यात घातली, लिफाफा चिकटवला आणि पंचांच्या हाती दिला. बुद्धिबळाचा अर्धा राहिलेला डाव जेवणानंतर, चारला पुढे चालायचा. तोवर त्याची चाल त्यात बंद.

ती एक चाल लिहायला त्याने चाळीस मिनिटं घेतली होती. बघत होता कुठे, तर समोर बसलेल्या काल्निनच्या, कोपऱ्यात पडून राहिलेल्या घोड्याकडे. उठताना त्याने काल्निनला नजरही दिली नाही.

"हंगेरीवाल्याचा तोरा बघितलास?" काल्निन पायऱ्या उतरताना आपल्या संघाचा कप्तान झारिन याला म्हणाला.

वॉर्सॉमधल्या सांघिक स्पर्धेचा हा सोळावा दिवस. दिवसाला दोन-दोन डाव. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत काळे-पांढरे चौकोन दिसत.

खाणावळीत झारिनने बीटाच्या सूपशेजारी खिशातला छोटा पट मांडला. "शेवटच्या फेरीतला शेवटचा डाव तुझाच. जिंकलास तर आपल्या लात्वियाला कप. बरोबरीत पाचवे. हरलास तर दहावे, आणि संघात म्हातारे नकोत म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत."

काल्निन बावन्नचा होता. गावच्या शाळेत पोरांना गणित शिकवायचा आणि या तीन आठवड्यांच्या आशेवर बाकीचं वर्ष ढकलायचा.

"वार्कोनी हत्ती खाली आणणार, की तुझा राजा गेला कामातून," झारिन म्हणाला.

"आणि माझा घोडा?"

"मेलाय तो. नुसता पुरायचा राहिलाय."

काल्निन हसला. शेतावर आजी गुणगुणायची ते त्याला आठवलं:

दमल्या घोड्याला नको रे हाकू,
कुंपणापाशी घटका टेकू.

"बरोबरी माग," झारिन म्हणाला.

"जिंकत असलेला माणूस बरोबरी देतो होय?"

"लिफाफा उघडायच्या आत माग. हात पसर. आता कसली लाज, लेका?"

चारला वार्कोनी आधीच येऊन बसला होता. शेजारच्या बशीतला पाव तसाच वाळलेला. काल्निनने खुर्ची ओढली. तीस वर्षांत त्याने कुणापुढे हात पसरला नव्हता.

"वार्कोनीसाहेब, बरोबरी घेता? दमलोय मी."

वार्कोनी लिफाफ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मीही."

दोघांनी हात मिळवले. ऑगस्टच्या उकाड्यात वार्कोनीचा हात गारठलेला लागला. कागदावर सह्या झाल्या. मागून झारिनने पाठीत थाप मारली. "वाचलास!"

काल्निनला वाटलं, इथेच, पटावर डोकं टेकून झोपावं. पुढच्या वर्षीही यायला मिळणार होतं.

रिवाजाप्रमाणे चिठ्ठी डावाच्या कागदाला जोडायची म्हणून पंचांनी लिफाफा फोडला. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग चिठ्ठी पटावर ठेवली.

तिच्यात चाल नव्हती. वार्कोनीच्या अक्षरात एवढंच होतं: "घोड्यावर उतारा नाही. मी डाव सोडतो."